डाग राहू द्यायचा होता, शैलाताई

शैलाताई, तेराव्याला आलेल्या प्रत्येक माणसानं तुमचं एकच कौतुक केलं. स्वच्छ बाई! तुमच्या कारखान्यातून आलेल्या त्या उंच बाई म्हणाल्या, मॅडमच्या पांढऱ्या कोटावर आम्ही कधी ठिपका बघितला नाही. बी विंगमधल्या आजी म्हणाल्या, त्यांची दोरी बघितली की आमचे कपडे वाळत घालायची लाज वाटायची. सगळे माना डोलवत होते. मी आत कढीला फोडणी देत होते आणि मला इतका राग आला होता की फोडणी करपली. निखिलला वाटलं, धुरानं माझ्या डोळ्यांत पाणी आलंय.

आता घरात कोणी नाही. तुमचा निखिल आणि माझी प्राची कामावर गेलेत, ओवी झोपलीय. तुम्ही विहीण, त्यातून मुलाची आई, म्हणून मी तुमचं ऐकून घ्यायचे. बरं, ऐकून कुठं घ्यायचे, रोज भांडायचे. पण शेवटचा शब्द तुमचा असायचा. आज तो तुम्हाला मिळणार नाही.

प्राचीची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मी वाडीवरून तुमच्या एव्हरशाईनच्या फ्लॅटवर आले. सोमवार ते शुक्रवार नातीला सांभाळायचं, शनिवारी परत आमच्या केळी-मोगऱ्यात जायचं, असं ठरलं होतं. माझ्या पिशवीत चार लुगडी, सुक्या बोंबलाचा डबा आणि धुण्याचं धोपाटणं होतं. तुम्ही बोंबील बघून काही बोलला नाहीत. धोपाटणं मात्र दोन बोटांत धरून वर उचललंत.

"कुंदाताई, हे कशाला? कपड्यांनी काय गुन्हा केलाय?"

"मग मळ काय विनवण्या करून निघतो?"

"विनवण्या नाही. तो खायला घालायचा."

"कोणाला?"

आणि तुम्ही सुरू झालात. तुमची सगळी नोकरी जंतू पाळण्यात गेली, हे मला लग्न ठरवताना कोणी सांगितलं नव्हतं. 'केमिकल कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होत्या' एवढंच कळलं होतं. गोखिवऱ्याच्या त्या कारखान्यात म्हणे उंच उंच स्टीलच्या टाक्यांत तुम्ही मातीतले जंतू वाढवायचात. त्यांना वेळच्या वेळी खायला, वेळच्या वेळी ऊब. आपलं अन्न पचवायला ते जंतू अंगातून एक रस बाहेर सोडतात, त्याचं नाव एन्झाइम. तो रस गाळून घ्यायचा, त्याचे बारीक दाणे करायचे आणि ते साबणाच्या पावडरीत जायचे. दूध, अंडं, घाम, रक्त यांचे डाग म्हणजे प्रथिनं. एन्झाइम त्यांचे बारीक तुकडे करतं आणि ते तुकडे पाण्याबरोबर वाहून जातात. पेजेच्या डागाला दुसरं एन्झाइम, तुपाच्या डागाला तिसरं. तुम्ही हे इतकं प्रेमानं सांगत होतात की मला वाटलं, त्या टाक्यांत तुमची माहेरची माणसं राहतात.

"म्हणजे तुम्ही पोरीच्या दुपट्यात जंतू घालणार?"

"जंतू नाही हो, ते मागेच राहतात. त्यांची लाळ म्हणा हवं तर."

"लाळ!" मी दुपटं तुमच्या हातातून ओढून घेतलं.

तिथून आपलं जे सुरू झालं ते संपलंच नाही. ओवीनं ओकलेलं दूध पडलेली दोन दुपटी होती. एक मी धुतलं, कढत पाणी, सोडा आणि दणादण धोपाटणं. दुसरं तुम्ही कोमट पाण्यात ती पावडर टाकून भिजत घातलंत आणि पेपर वाचत बसलात. संध्याकाळी तुमचं दुपटं कोरं निघालं. माझ्या दुपट्यावर पिवळट नकाशा तसाच. तुम्ही चष्मा वर करून तो बघितलात.

"तुम्ही डाग शिजवलात, कुंदाताई. अंडं शिजवतो तसा. आता तो बसला."

मला जी चीड आली! पण दुसऱ्याच आठवड्यात ओवीच्या झबल्यावर हळद सांडली आणि तुमची लाळ तिथं हात टेकून बसली. मी ते झबलं ओलंच गॅलरीतल्या उन्हात टाकलं. दुपारपर्यंत हळद उडाली. तुम्ही ते उलटसुलट करून बघितलंत. "ऊन," तुम्ही म्हणालात. "हे मात्र माझ्या टाकीत नव्हतं." माझी तुम्ही उघडपणे मान्य केलेली तेवढी एकच गोष्ट. केळीच्या चिकाच्या डागापुढं आपण दोघीही हरलो. तो माझ्या लुगड्यावर अजून आहे. आम्हा वाडीवरच्यांच्या सगळ्याच लुगड्यांवर असतो.

तुमच्याबरोबर दुकानात जायचं म्हणजे शिक्षा होती. तुम्ही पुड्याच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचत उभ्या राहायचात आणि मागं रांग लागायची. "यात एन्झाइम लिहिलंय, पण कोणतं ते नाही लिहिलं," हे तुम्ही त्या दुकानदाराला सुनवायचात, जणू त्या बापड्यानंच ते लपवलंय. घरी मी पावडर वरून टाकली की, "उधळू नका, श्वासात जाते, दमा लागतो." प्राचीचा बारशाचा शालू मी बादलीत टाकणार तर तुम्ही बाथरूममध्ये धावत आलात. "रेशीम यात नाही! रेशीमही प्रथिनच, तेही खाऊन टाकेल. रेशीम म्हणजे शेवटी किड्याची लाळच." सगळ्या जगात तुम्हाला लाळच दिसायची.

पण एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. कशाला सांगू, डोक्यावर चढून बसला असतात. लग्न होऊन आले तेव्हापासून धुणं म्हणजे कंबर मोडेपर्यंत वाकायचं, हेच मला माहीत होतं. माझ्या सासूनं धुणं अर्धं टाकून मला कधी घोटभर चहा घेऊ दिला नाही. तुम्ही बादलीत कपडे बुडवायचात आणि म्हणायचात, "चला, आता ते त्यांचं काम करतील. तुम्ही बसा." मग तुम्ही आल्याचा चहा करायचात, ओवी आपल्या दोघींच्या मध्ये लोळायची, आणि आपण त्या दोन तासांत सगळ्या सोसायटीची उणीदुणी काढायचो. माझी मनगटं दुखायची थांबली, शैलाताई. रात्री तेल चोळावं लागायचं ते बंद झालं. धोपाटणं मी एका शनिवारी गुपचूप वाडीवर परत नेलं. तुमच्या लक्षात आलं असणारच. तुम्ही बोलला नाहीत, हे तुमचे उपकार.

ओवी भिंत धरून चालायला लागली त्या सुमाराला तुमच्या खोलीतल्या बाथरूममध्ये झाकणाची एक निळी बादली आली. मी सकाळी कपडे गोळा करायला जायचे तर तुमचे आधीच दोरीवर असायचे. गाऊन, परकर, चादर, सगळं. पहिल्यांदा बरं वाटलं, तेवढंच काम कमी. मग खटकायला लागलं. एकदा मी तुमच्या पलंगावरची चादर ओढायला गेले तर तुम्ही ती धरून ठेवलीत. दोन म्हाताऱ्या बायका एका चादरीची ओढाओढ करताहेत, असं ते दृश्य होतं.

"शैलाताई, माझे हात काय गटारात असतात?"

"असं काय बोलता! माझं मी करते. सवय आहे."

"निखिलच्या मोज्यांपासून सगळं मी धुते. तुमचाच एक गाऊन मला जड होणार?"

"नका ना विषय वाढवू."

तुम्ही आणि विषय वाढवायला नको! सोड्यावरून अर्धा दिवस भांडणारी बाई. मला वाटलं, वाडीवरच्या बाईची तुम्हाला किळस येते आणि ती इतके दिवस तुम्ही शिक्षणाखाली झाकून ठेवली होती. मी प्राचीकडं रडगाणं गायले. ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "आई, प्लीज. त्यांना त्यांची स्पेस दे ना. प्रत्येक गोष्ट तू मनाला लावून घेतेस." मग मी स्पेस दिली. तोंड फुगवून दिली, पण दिली.

तुम्ही खजूर खायला लागलात. रोज बीट किसायला लागलात. लिफ्ट बंद पडली की जिन्यात दोनदा थांबायचात आणि कोणी बघितलं तर मोबाइल काढून वाचल्यासारखं करायचात. मी विचारलं तर, "वय झालं, कुंदाताई." चेहरा मेणासारखा झाला होता. मी म्हणायचे, "डॉक्टरला दाखवा." तुम्ही म्हणायचात, "दाखवते." शिकलेल्या माणसाच्या या 'दाखवते'ला उत्तर नसतं.

मग सोसायटीच्या गेटसमोर भाजीच्या गाडीशी तुम्ही चक्कर येऊन पडलात. हातातली मेथी सगळी रस्त्यावर. वॉचमननं आणि मी तुम्हाला रिक्षात घातलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. रक्त इतकं कमी कसं, म्हणून ती तुम्हाला एकेक विचारत गेली. तोवर निखिल धावत आला होता, त्याला तिनं बाहेर थांबायला सांगितलं. मी उठायला लागले तर म्हणाली, "तुम्ही बसा, आजी."

"पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"दहा-बारा."

"त्यानंतर कधी अंगावरून रक्त गेलं?"

तुम्ही छताकडं बघितलंत. माझ्याकडं नाही. "जातं."

"कधीपासून?"

"झालं. वर्ष होईल."

त्या मुलीनं पेन खाली ठेवलं. तुमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही? कपड्यांवर, चादरीवर काहीच दिसलं नाही?"

मी काय सांगणार होते, शैलाताई? त्या घरातला प्रत्येक कपडा माझ्या हाताखालून जात होता. कोणाच्या खिशात बसचं तिकीट राहिलं तरी मला कळायचं. रक्ताचा एक थेंब मला दिसला असता तर मी तुम्हाला दंडाला धरून, ओरडत, त्याच दिवशी नेलं असतं. सगळ्या विंगला ऐकू गेलं असतं. म्हणून तर तुम्ही तो दिसू दिला नाहीत. गार पाणी, ती पावडर, झाकण लावलेली बादली. आयुष्यभर शिकलेली विद्या तुम्ही स्वतःवर फिरवलीत.

गर्भाशयाचा कॅन्सर, आणि तो पसरलेला. लवकर आला असतात तर बहुधा पिशवी काढून भागलं असतं, असं ती डॉक्टर म्हणाली. पाळी गेल्यावर थेंबभर दिसलं तरी या, हे बायकांना सांगून आम्ही दमतो, असंही म्हणाली. ते तुम्हाला ठाऊक होतं! तुम्ही मला गोवराच्या लसीवर तासभर सांगायचात. तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून झालं असतं तर मी आज इतकी चिडले नसते.

वॉर्डात आपण दोघीच असताना मी तुम्हाला विचारलं. विचारलं कसलं, झापलं. बाजूच्या पलंगावरची बाई उठून बसली.

"सांगितलं का नाही?"

"प्राची नुकती कामावर रुळत होती. निखिलचं ते प्रमोशनचं चाललं होतं. म्हटलं, जरा स्थिरस्थावर होऊ दे."

"आणि मी? माझं कसलं प्रमोशन चाललं होतं?"

तुम्ही हसलात. मग सलाइनच्या नळीकडं बघितलंत. "निखिलला काय सांगणार होते, कुंदाताई? मुलाला कसं सांगायचं?" आणि मग खूप हळू म्हणालात, "डाग निघत होता ना. रोज पूर्ण निघायचा. सकाळी चादर दोरीवर पांढरीशुभ्र दिसली की वाटायचं, काही झालंच नाही."

या वाक्याचं मी काय करू, सांगा. हे मी निखिलला सांगितलं नाही, प्राचीलाही नाही. कढी ढवळताना आठवतं, ओवीची वेणी घालताना आठवतं. इतकी हुशार बाई स्वतःच्याच हातचलाखीला भुलली.

घरी आणल्यावरही तुमचा हट्ट संपेना. उभं राहता येत नव्हतं तरी बाथरूमपर्यंत भिंत धरून जायचात, मळलेला गाऊन उशीखाली लपवायचात. मी काढून घ्यायला गेले की तोंड फिरवायचात. एके दिवशी मी पलंगावर बसले आणि म्हटलं, "आमच्या सासूचं सहा महिने मी सगळं केलं. ती मला शिव्या द्यायची. तुम्ही निदान लाळेबद्दल तरी बोलता." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. थोड्या वेळानं उशीखाली हात घालून गाऊन बाहेर काढलात आणि माझ्या हातात दिलात. मी तो घेऊन बाथरूममध्ये गेले, तर मागून आवाज आलाच.

"गार पाणी घ्या हं."

"माहितेय."

"आधी नुसत्या गार पाण्यात, मग पावडर."

"माहितेय हो."

"आणि चोळू नका. भिजू दे."

"शैलाताई, एक तर मरा, नाही तर गप्प बसा!"

मला वाटलं, जीभ हासडून टाकावी. आणि तुम्ही हसायला लागलात. दुखत होतं म्हणून पोट धरून, पण हसत होतात. मी ओल्या हातांनी येऊन दारात उभी राहिले आणि मलाही हसू आवरेना. ओवी आपल्याकडं बघून टाळ्या वाजवायला लागली. त्या दोन्हींतलं तुम्ही शेवटी काय निवडलंत ते बघा. गप्प बसायचं तर कधी जमलंच नव्हतं.

मग ते तपासणीचं. डॉक्टरनं विचारलं, "आता किती जातं?" तुम्ही म्हणालात, "थोडंसंच." मी पिशवीतून आदल्या दिवशीचा न धुतलेला टॉवेल काढला आणि तिच्या टेबलावर उलगडून ठेवला. तुम्ही लालबुंद झालात. अंगात रक्त नसताना कुठून आणलंत कोण जाणे.

"कुंदाताई! ही काय दाखवायची गोष्ट आहे?"

"हीच दाखवायची गोष्ट आहे."

डॉक्टरनं टॉवेल बघितला आणि लगेच फोन उचलला. त्याच आठवड्यात तुम्हाला रेडिएशनचा शेक द्यायला सुरुवात झाली आणि हळूहळू रक्त थांबलं. त्यानंतर गॅलरीत खुर्ची टाकून तुम्ही ओवीला घेऊन बसायचात, तिला बोटानं दोरीवरचे चिमटे मोजायला शिकवायचात. बरे दिवस होते ते. थोडेच होते. माझ्याशी मात्र तुम्ही त्या टॉवेलवरून चार दिवस बोलला नाहीत, आणि पाचव्या दिवशी बोललात ते, "तो टॉवेल शेवटी धुतलात ना नीट?"

तुम्ही दुपारी गेलात. निखिल उशाशी होता, प्राची पाय चोळत होती. मी ओवीला घेऊन खाली बागेत होते, त्यामुळं आपलं काही बोलणं झालं नाही. झालं असतं तर भांडणच झालं असतं, अशी मी मनाची समजूत घालते.

आणि आता हे ऐका. मागच्या शनिवारी वाडीवर गेले. पडवीत आम्ही बायका कळ्या ओवत बसलो होतो. कोणीतरी विचारलं, विहीणबाईंना काय झालं होतं गं? आमच्याकडं अशा वेळी 'पोटाचं दुखणं' म्हणतात आणि विषय संपवतात. मी सांगितलं. पिशवीचा कॅन्सर. वर्षभर अंगावरून जात होतं आणि बाईनं धुऊन धुऊन लपवलं. शेजारची काकी म्हणाली, "अगो, हलू बोल, पुरुषमानसं आहेत तिकडं." मी आवाज आणखी चढवला. सुईतला दोरा संपेपर्यंत सगळं सांगितलं.

अंधार पडायच्या आधी मी विहिरीवर पाय धूत होते तर माझी धाकटी जाऊ सुनंदा मागं येऊन उभी राहिली. माझ्यापेक्षा थोडीच लहान. घागर रिकामीच कमरेवर.

"वैनी," ती म्हणाली, "मलापन दिसतंय. कोनाला सांगू नको."

मी कोणाला सांगितलं नाही. सोमवारी तिला घेऊन रिक्षात बसले, सरळ तुमच्या त्या डॉक्टर मुलीकडं. वाटेत ती सारखी पदर तोंडाला लावत होती. "बाईमानूस आहे ना गो ती? आणि आत तूच सांग. मला बोलायला व्हायचं नाही."

मी हो म्हटलं. पण आत गेल्यावर डॉक्टरनं "काय होतंय?" विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. माझ्यासारखी बाई गप्प बसली, विचार करा. सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग तिनं पदर खाली घेतला आणि सांगितलं. कधीपासून, किती, कोणत्या रंगाचं, सगळं. एकदा आवाज कापला, मग कापला नाही. डॉक्टर मान हलवत लिहून घेत होती. तपासण्या लिहून दिल्या, त्या झाल्या. रिपोर्ट यायचाय. काय येईल ते येईल.

बाहेर आल्यावर सुनंदा म्हणाली, "भूक लागली." आम्ही दोघींनी वडापाव खाल्ला.

एवढंच होतं, शैलाताई. अहो, एवढंच तर होतं.